हाताच्या पिशव्या

लालबागच्या त्या चाळीत सुभद्राच्या खोलीतून चिंधी कधी बाहेर पडत नसे. बाहेरून आत मात्र रोज यायची. कुणाचं लुगडं विरलं, कुणाचं धोतर फाटलं, कुणाच्या नवऱ्यानं गिरणीतून कापडाचा तुकडा कमरेला गुंडाळून आणला, की त्या बाईची पावलं आपसूक तिसऱ्या मजल्याकडे वळायची. सुभद्रा गोधड्या शिवायची. तिच्या घरात लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की तिचे लंगोट, लंगोट विरले की चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं, आणि फडकं जळून काळं झालं की तेच दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला. शेजारची राधाबाई म्हणायची, ही मेली तरी यमाला दारात थांबवून ठेवील, म्हणेल, जरा दम धर, ह्या कुडीचं अजून काहीतरी होईल. सुभद्रा हसायची आणि टाका घालत राहायची.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलत नव्हता. नवरा कुशाबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होता. त्याचे देव झाले, नवस झाले, शेवटी देवांचा नाद सोडून तो युनियनच्या नादाला लागला, आणि मग मुलगा झाला. नाव ठेवलं दौलत. बाळंतपण माहेरी, मालवणजवळच्या गावात. बारशाच्या आधीच सुभद्राला बाळाच्या लंगोटात नारिंगी वाळू दिसली. बोटाला लागली की शेंदरासारखी पसरायची. तिनं घाबरून आईला हाक मारली. जाईबाई आली, लंगोट उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली, आणि मग तिनं हात जोडले.

“देवाचो शेंदूर असा ह्यो,” जाईबाई म्हणाली. “कोणाक सांगू नको. जपून ठेव.”

जपून ठेवायचं म्हटल्यावर सुभद्राला दुसरं काही शिकवावं लागत नव्हतं. वाळलेल्या लंगोटावरची वाळू ती हलक्या हातानं झाडून करवंटीत जमवायला लागली. मुंबईला परतल्यावर ती करवंटी देव्हाऱ्याच्या फळीवर गेली, आणि सणावाराला त्यातली चिमूट दौलतच्या कपाळाला लागायला लागली. पोराची मान वेळेवर सावरली नाही, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, बसवलं तर कलंडायचं. तरी कुणी फार काळजी केली नाही. देवाचं लेकरू उशिरा चालतं, असं एकानं म्हटलं की बाकीचे मान डोलवायचे. शिवाय दौलत हसायचा असा, की वरच्या मजल्यावरच्या बायका पाणी भरायला जाताना कळशी खाली ठेवून त्याला खेळवायच्या.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. दौलत दोन वर्षांचा होऊन गेला होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून गिरणगाव पेटला होता. रस्त्यावर गोळीबार, संचारबंदी, खिडक्या लावून घेतलेल्या, आणि कुशाबाचा दुपारपर्यंत पत्ता नाही. खाली काहीतरी मोठ्यानं फुटलं, आणि सुभद्रानं मागे वळून बघितलं तर दौलतचं तोंड रक्तानं भरलेलं. काच लागली, असं आधी तिला वाटलं. जवळ घेतल्यावर दिसलं, त्यानं स्वतःचाच खालचा ओठ दातांत धरला होता आणि सोडत नव्हता. तिनं बोट घालून जबडा उघडला तेव्हा तिचंही बोट फुटलं.

सगळी चाळ म्हणाली, पोरानं गोळीबाराची दहशत घेतली. कुशाबा घरी आला, त्यानंही तेच म्हटलं आणि सरकारला शिव्या घातल्या. दृष्ट काढली, अंगारा लावला. पण रस्ते निवळले, ट्राम पुन्हा सुरू झाल्या, आणि दौलतचे दात ओठावरून बोटांवर आले. भीती असती तर ती कधीतरी ओसरली असती. ही ओसरेना, आणि जे सुभद्राला कुणाला सांगता येत नव्हतं ते वेगळंच होतं. चावताना दौलत स्वतःच रडायचा. हात तोंडाकडे निघाला की तो आधीच ओरडायचा, “आये, धर,” आणि तिला पोहोचायला उशीर झाला की डोळ्यांतून पाणी गाळत तो स्वतःचं बोट चावत राहायचा.

सुभद्रानं गिरणीच्या जाड कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, आत मऊ लुगड्याचं अस्तर, मनगटाशी नाडी. त्या हातांत चढवायच्या आणि कापडाच्या पट्टीनं हात अंगाशी बांधायचे. बांधले की पोर शांत. हसायचा, गाणी मागायचा, गॅलरीतून जाणाऱ्यांना नावानं हाका मारायचा. आंघोळीला सोडले की किंकाळ्या. नवीन बिऱ्हाडकरूंना वाटायचं ही बाई पोराचा छळ करते. त्यांना काय सांगणार, की माझा मुलगा सकाळी डोळे उघडल्यावर पहिला शब्द बोलतो तो “बांद” असा?

शेवटी परळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी पाय वाकवून बघितले, बोटं बघितली, आणि मुलगा मतिमंद आहे, हात बांधून ठेवा, असं सांगितलं. ते तर ती करतच होती. तेव्हा तिनं पिशवीतून करवंटी काढून टेबलावर ठेवली. तिला वाटलं होतं, देवाचं नाव काढल्यावर तरी साहेब जरा नीट बघतील. साहेबांनी चिमूटभर वाळू बाटलीत घातली, पोराची लघवी दुसऱ्या बाटलीत घेतली, पोराला वॉर्डात ठेवून घेतलं, आणि दोन्ही बाटल्या जवळच्या एका प्रयोगशाळेत पाठवून दिल्या.

त्या बाटल्या जिच्या टेबलावर गेल्या तिचं नाव नलू. गिरगावात ठाकूरद्वाराला राहायची, पाठारे प्रभूंच्या घरातली. आजोबांच्या वाड्या आणि जमिनी केव्हाच गेल्या होत्या, घरात उरली होती ती माशांची आवड आणि मुलींना शिकवायची रीत. नलू इतकी शिकली की पुढे तिचं काय करायचं ते घरच्यांना कळेना. बघायला येणाऱ्यांना ते सांगत, मुलगी लॅबॉरेटरीत असते, आणि लगेच चहाचं विचारत. कारण ती तिथे काय करते ते सांगायचं म्हणजे, रोज सकाळी खाटकाकडून बकऱ्याची कलेजी आणते आणि बर्फात ठेवून वाटते, असं सांगावं लागलं असतं.

नलूनं दौलतची लघवी तपासली, तिच्यातून ती वाळू किती जाते तो आकडा बघितला, आणि आपलंच काहीतरी चुकलं म्हणून पुन्हा तपासली. मग ती हातातलं काम टाकून वॉर्डात आली. सुभद्राला वाटलं, औषध घेऊन आली. पण नलूनं आधी दौलतशी गप्पा मारल्या, त्याच्या पिशव्या सोडायला लावल्या नाहीत, आणि मग सुभद्राशेजारी बाकावर बसून विचारलं, तुम्ही काय करता? गोधड्या शिवते, म्हटल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली. एरवी हे सगळं ती इंग्रजीत सांगायची, आज तिला शब्द शोधावे लागत होते.

“माणसाचं अंग म्हणजे बारीक बारीक खोल्या असतात, सुभद्राबाई. पेशी म्हणतात त्यांना. प्रत्येक खोलीत एक प्रकारचे धागे असतात. त्यांना आम्ही आरएनए म्हणतो. हे धागे कायमचे नसतात. काम झालं की खोलीतलीच एक कात्री त्यांचे तुकडे करते.”

“आनी टाकून देते?”

“नाही. तुमच्यासारखंच करते. तुकडे ठेवते, आणि त्यांचाच पुन्हा धागा जोडते. अगदी थोडे टाकते, ते लघवीतून जातात. दौलतच्या अंगात कात्री आहे. जोडणारी सुई नसावी, असं मला वाटतं. हे पुस्तकात नाही, माझा अंदाज आहे.”

मग तिनं सावकाश पुढचं सांगितलं. सुई नाही, म्हणून सगळ्या चिंध्या बाहेर पडतात आणि त्यांची ही वाळू होते. जुनं हाती लागत नाही म्हणून अंग घाईघाईनं नवं सूत काढत सुटतं, तेही तुटतं, त्याचीही वाळूच होते. हिच्यामुळे मूतखडा होतो, सांधे दुखतात, एवढं माहीत आहे. सुभद्रा ऐकत होती, आणि तिला ते सगळं कळत होतं, हीच पंचाईत होती. जिनं जन्मात चिंधी फेकली नाही, तिच्या पोटचं पोर आतल्या आत सगळं फाडून रस्त्यावर टाकत होतं. आणि आपण त्याचाच केर देव्हाऱ्यात ठेवून पोराच्या कपाळाला लावत होतो. तिला आईचा राग आला, इतका की ती समोर असती तर करवंटी तिच्या अंगावर फेकली असती.

तिनं एकच विचारलं, मग हा बोटं का खातो? वाळूचा आणि बोटांचा काय संबंध?

“ते मला माहीत नाही,” नलू म्हणाली. “कुणालाच माहीत नसेल.”

खरं बोलणारी माणसं चांगली असतात, पण त्या वेळी सुभद्राला कुणी खोटं बोलणारं हवं होतं. ती नलूच्या मागे लागली, की तुमची कात्री मला दाखवा. नलूनं एका दुपारी तिला प्रयोगशाळेत नेलं. दोन काचेच्या नळ्यांत तिनं सारखंच पाणी घातलं. त्यात ते धागे आहेत म्हणाली, दिसत तर काही नव्हतं. एका नळीत कलेजीच्या रसाचे चार थेंब घातले, आणि दोन्ही नळ्या कोमट पाण्यात उभ्या करून चहा मागवला. चहा झाल्यावर तिनं दोन्हीत आम्ल टाकलं. बिनकलेजीची नळी नासलेल्या दुधासारखी पांढरी झाली. कलेजीवाली तशीच नितळ राहिली.

पांढरं दिसतंय ते अख्खे धागे, नलूनं सांगितलं, आणि इथे पांढरं होत नाही कारण धागे तुटून भुगा झालाय. फाडणं आम्हाला असं दिसतं. जोडणं इतकं सोपं दिसत नाही.

सुभद्रा नळ्यांकडे बघत राहिली. “पन बाई, ती सुई बकऱ्याच्या कलेजीत असंल ना? तो तर बोटं खात नाय.”

असते, नलू म्हणाली. पण खाल्ली तर पोटातल्या रसांनी तीसुद्धा फाटून जाईल, सुईची सुई म्हणून आत पोहोचणार नाही. उलट कलेजीत ते धागे ठासून भरलेले असतात, त्याची वाळू वाढेल. तेव्हा कलेजी नको, माशाच्या अंड्यांची गाबोळी नको, मासेही जरा बेतानं.

सुभद्रानं मान हलवली आणि घरी येताना कलेजी घेतली. तिचंही काही अगदीच चुकत होतं असं म्हणवत नाही. पायांत जोर नसला तर बकऱ्याचा पाया खातात, हे सगळं गिरणगाव जाणतं. मग अंगात सुई नसेल तर सुई असलेलं खायला घालावं. नलूबाई शिकलेल्या होत्या, पण त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, मूल नव्हतं. आईच्या हातचं पोराच्या अंगी कसं लागतं ते काचेच्या नळीत कुठून दिसणार? कुशाबालाही न सांगता ती रोज कलेजीचं पाणी काढायची आणि दौलतला भरवायची. तो मिटक्या मारत प्यायचा. काही दिवस तर तिला वाटलंसुद्धा, की बोटांवरच्या जखमा सुकतायत.

मग एका सकाळी दौलत पोटाशी वाकून ओरडायला लागला आणि लंगोट लाल झाला. हे शेंदराचं लाल नव्हतं. मूतखडा अडकला होता. त्याला वॉर्डात घेतलं, तो दिवसभर ओरडत होता, आणि बांधलेले हात सोडवायला मात्र एकदाही म्हणाला नाही. नलू आली. तिनं बाटलीतला आकडा आधीच बघितला होता, विचारायची गरज नव्हती. तरी सुभद्रानं आपण होऊन सांगितलं. नलू रागावली नाही. ठाकूरद्वारच्या घरातली ती बाई इस्त्रीच्या साडीनिशी वॉर्डाच्या ओल्या फरशीवर सुभद्राला खेटून बसली, आणि दोघी खडा पडायची वाट बघत राहिल्या. त्या दिवशी शिकलेल्या बाईला आणि न शिकलेल्या बाईला करता येण्याजोगं काम एकच होतं, ते म्हणजे बसून राहणं.

बसल्या बसल्या नलूनं विचारलं, की माहेरी असं कुणी होतं का. सुभद्रा नाही म्हणाली. एक भाऊ होता, कोंडीराम, तो तिच्या जन्माआधीच तापानं गेला होता.

कुशाबानं गावी निरोप पाठवला आणि जाईबाई बोटीनं आली. नातवासाठी फणसाच्या आठळ्या आणि कोकमं घेऊन जिना चढली, दारात पोहोचली, आणि आत दौलतच्या हातांतल्या पिशव्या बघून उंबरठ्यावरच बसली. म्हातारीनं बोचकं खाली ठेवलं नव्हतं, ते तसंच पोटाशी धरून ती बोलली.

“तुझो भाव, कोंडीराम. त्याका मी काथ्यान बांधी होतंय.”

ताप बीप काही नव्हता. त्याच्याही लंगोटात वाळू यायची, त्यानंही ओठ आणि बोटं खाल्ली, आणि काथ्यानं बांधलेल्या हातांनीच तो गेला. गावानं नाना तऱ्हेची नावं ठेवली. पुढे मुलगी झाली, धडधाकट निघाली, जाईबाईला वाटलं संपलं. मग नातवाच्या लंगोटात तीच वाळू दिसली. बाळंतिणीला खरं सांगायला तिची जीभ वळली नाही, आणि समोर काहीतरी म्हणणं भाग होतं, म्हणून ती शेंदूर म्हणाली. सुभद्राचा राग कुठल्या कुठे गेला. एवढं सगळं पोटात ठेवून ही बाई इतकी वर्षं आपल्याशी हसली बोलली, याचं तिला रडू आलं. तिनं करवंटी उचलली आणि मोरीत रिकामी केली.

त्या पावसाळ्यात दौलतच्या उजव्या करंगळीचं टोक गेलं. पिशवीची नाडी सैल झाली होती, सुभद्रा नळावर होती, एवढंच निमित्त. डॉक्टर म्हणाले, आता एकच उपाय दिसतो, दात काढून टाकू. कुशाबानं ऐकल्याबरोबर नाही म्हटलं. रस्त्यावर लाठ्या खाल्लेला माणूस त्या वॉर्डाच्या दारात आडवा उभा राहिला.

“माझ्या पोराचे दात मी पाडू देऊ? मग तो खानार काय?”

“बोटं सोडून काय पन खाईल,” सुभद्रा म्हणाली, आणि तिनं कागदावर अंगठा उठवला.

नलूनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, हे दुधाचे दात आहेत, सहा-सात वर्षांचा झाला की पक्के दात येतील, ते कुणाला थांबवता येणार नाहीत. सुभद्रा म्हणाली, तेवढी वर्षं तरी सुखाची जातील.

पावसाळा सरल्यावर दात काढले, ते एका कागदाच्या पुडीत मिळाले. त्या चाळीत पोराचा दात पडला की त्याला कौलांवर फेकायची रीत होती. उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दे, असं पोरानं ओरडायचं, आणि मग उंदराच्या दातासारखा पांढरा, धारदार दात येतो. त्या कौलांवर चाळीतल्या सगळ्या पोरांचे दात पडलेले होते. सुभद्रा पुडी पदराला बांधून जिना उतरली आणि चालत वरळी कोळीवाड्यात गेली. कौलं, बीळ, उकिरडा, जिथे उंदीर म्हणून पोहोचेल अशी जागाच तिला नको होती. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणीनं विचारलं, काय गं, विसर्जन का? सुभद्रा हो म्हणाली. होडी लोटणाऱ्या एका कोळ्याच्या हातात तिनं पुडी दिली, आणि जितकं लांब जाशील तितक्या लांब नेऊन टाक, अशी विनवणी केली. आयुष्यात तिनं पहिल्यांदा काहीतरी फेकून दिलं होतं. होडी दिसेनाशी होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

पुढची वर्षं खरंच सुखाची गेली. हात तोंडाकडे जायचा, हिरड्या बोटावर दाबल्या जायच्या, आणि नुसती लाळ गळायची. जखमा भरल्या. सुभद्रा दुपारी त्याची बोटं मांडीवर घेऊन खोबरेल लावत बसायची, नवीन कातडी आलेली बोटं, एक तेवढं आखूड. पिशव्या आता लागेनात. दौलतला सुरुवातीला त्यांच्याशिवाय चैन पडत नव्हतं, मग तोही विसरला. तेव्हा तिनं त्या उसवल्या, कापड धुऊन सपाट केलं, आणि त्याच्याच गोधडीत मधोमध, छातीवर येईल अशा बेतानं शिवून टाकलं. जाड कापड होतं, ऊब चांगली द्यायचं.

कुशाबा त्याला खांद्यावर बसवून शिवाजी पार्कच्या सभांना न्यायचा. पोराचे पाय लटकायचे, मान कलायची, पण घोषणा सुरू झाली की दौलत बोळक्या तोंडानं सगळ्यांच्या मागून ओरडायचा, “जालाच पायजे.” सगळे गप्प झाले तरी त्याचं चालूच. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघायची आणि हसायची, आणि कुशाबा ताठ व्हायचा. नलू आठवड्याला बाटली न्यायला यायची, सुभद्राच्या हातचं माशाचं तिखलं खायची, आणि आकडा सांगायची. आकडा कमी होत नव्हता. आतलं फाडणं तसंच चालू होतं, सुई काही सापडत नव्हती. पण बोटं शाबूत होती, आणि आकड्याचं कुणाला काय वाईट वाटून घ्यायचं?

साठ सालच्या एक मेला सकाळपासून गिरणगावात नुसता गुलाल. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. लेझीम, ढोल, चाळीच्या कठड्यांना तोरणं, गॅलरीतून गॅलरीत पेढे. कुशाबा खाली नाचत होता, एवढा सहा फुटी माणूस लहान पोरासारखा रडत नाचत होता. दौलतला गॅलरीत उशीला टेकून बसवलं होतं, आणि तो खाली बघून ओरडत होता, जालाच पायजे, जालाच पायजे. राधाबाईनं त्याला सांगितलं, अरे झाला, आता बस कर. तो हसला आणि पुन्हा ओरडला.

सुभद्रानं पेढा घेतला, बोटांनी कुस्करला, आणि नेहमीसारखा त्याच्या तोंडात भरवला. खालच्या हिरडीवर तिचं बोट टोचलं.

तिनं पेढा असेल, साखरेचा खडा असेल, म्हणून पुन्हा बोट फिरवलं. टोचलं तिथेच. करवतीच्या कडेसारखी दंतुर, बारीक धार. चाळीतल्या दुसऱ्या कुठल्याही घरात नवा दात आला म्हणून साखर वाटत फिरले असते. समुद्रात नेऊन टाकलेलं परत आलं होतं. ज्या अंगाला आतला एक धागा पुन्हा जोडता येत नव्हता, त्याला हे बरोबर जमलं होतं. ती देवावर चिडली, उंदरावर चिडली, त्या कोळ्यानं पुडी लांब नेलीच नसेल म्हणून त्याच्यावर चिडली, आणि तिला ठाऊक होतं की यात कुणाचाच काही संबंध नाही.

दौलतचं ओरडणं थांबलं होतं. त्यानं जिभेनं ती जागा चाचपली आणि आईकडे बघितलं. इतका मोठा झाला होता, पण सगळं कळणारे ते डोळे तेच होते. खाली ढोल वाजत होता. त्यानं दोन्ही हात, भरलेल्या जखमांचे, खोबरेल लावलेले हात, सावकाश पुढे केले आणि मनगटं एकमेकांना जुळवली.

“आये,” तो म्हणाला, “बांद.”

सुभद्रानं त्याचे दोन्ही हात आपल्या गुडघ्यांत दाबून धरले, शेजारची गोधडी ओढून घेतली, आणि मधलं जाड कापड सापडल्यावर एकेक टाका उसवायला सुरुवात केली.